घरात समुद्राचं किंवा निसर्गाचं चित्र लावल्याने खरंच बरं वाटतं का?

तुमची अडचण मला अशी समजली: जळगावातला फ्लॅट, आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या दिवसभर बेडरूममध्ये, आणि खिडकीतून दिसते ती शेजारच्या इमारतीची भिंत. समोर समुद्राचं मोठं चित्र लावलं तर त्यांना बरं वाटेल का, की नुसते पैसे जातील?

माझं धुळ्यात फ्रेमिंगचं दुकान आहे. देवदेवतांपासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळं हाताखालून जातं, आणि आजारी माणसाच्या खोलीसाठी चित्र न्यायला येणारेही बरेच असतात. फरक पडतो, हे मी मनापासून सांगतो. मात्र चित्र कोणतं आहे आणि आईंना ते पडल्या जागेवरून दिसतं का, यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक लोक सोफा आणि पडद्याला मॅच होणारं चित्र मागतात. तुम्ही तसं करू नका.

आधी अभ्यासाचं सांगतो, कारण ही नुसती दुकानदाराची बोलणी नाहीत. रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. 23 जणांच्या खिडकीबाहेर झाडं होती, 23 जणांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. दोन्ही गटांतले रुग्ण वयाने आणि प्रकृतीने जोडीजोडीने जुळवलेले होते. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली, आणि नर्सच्या नोंदींमध्ये त्यांच्या तक्रारीही कमी होत्या. तुमच्या आईंच्या खिडकीबाहेर नेमकी भिंतच आहे, म्हणून हे आवर्जून सांगितलं.

पण ती खरी झाडं होती. चित्रांचं काय? पुढे उलरिच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या हॉस्पिटलमध्ये हृदयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांसमोर वेगवेगळी चित्रं ठेवली. काहींसमोर पाणी आणि झाडांचा मोकळा, उजेडाचा देखावा होता, काहींसमोर गर्द जंगल, काहींसमोर अमूर्त चित्र, तर काहींसमोर काहीच नाही. मोकळ्या पाण्याच्या चित्रासमोरच्या रुग्णांची बेचैनी कमी राहिली. सरळ रेषांचं, कोनाकोनाचं अमूर्त चित्र ज्यांच्यासमोर होतं, त्यांना मात्र काहीच न लावलेल्या रुग्णांपेक्षाही जास्त अस्वस्थ वाटलं. म्हणजे चुकीचं चित्र लावण्यापेक्षा कोरी भिंत बरी. दुकानात मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

‘मग टीव्हीवरच समुद्राचा व्हिडिओ लावून ठेवतो की’ असं हल्ली बरेच जण म्हणतात. 2008 साली वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान यांनी हेच तपासलं. ऑफिसच्या खोलीत काहींसमोर खरी खिडकी, काहींसमोर तोच देखावा दाखवणारा मोठा स्क्रीन, काहींसमोर कोरी भिंत. ताणानंतर हृदयाचे ठोके पूर्ववत व्हायला खऱ्या खिडकीची मदत झाली. स्क्रीन कोऱ्या भिंतीपेक्षा सरस ठरला नाही. त्यामुळे चित्राआधी एक काम करा. बाल्कनी असेल तर आईंची खुर्ची सकाळी अर्धा तास तिथे न्या. खिडकीच्या कठड्यावर तुळस, मनी प्लँट, काहीही हिरवं ठेवा. चित्र त्याच्या जोडीला.

आता चित्राची निवड. समुद्र म्हटलं की सगळे उसळत्या लाटेकडे जातात. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध मोठी लाट, 1831 सालच्या आसपासची, आमच्याकडे अधूनमधून प्रिंटला येते. चित्र थोरच आहे. पण नीट बघा, त्या लाटेखाली तीन नावा सापडल्या आहेत आणि माणसं खाली वाकून जीव मुठीत धरून बसली आहेत. बैठकीत लावा, अभ्यासाच्या खोलीत लावा. दुखण्याने बेजार माणसाच्या समोर नको. त्या खोलीला निवांत पाणी हवं, लांबवर गेलेलं क्षितिज हवं, आणि नजरेला आत शिरायला पुढ्यात थोडी वाळू, एखादी पायवाट किंवा घाटाच्या पायऱ्या हव्यात. चार भिंतींत अडकलेल्या नजरेला लांब कुठेतरी जायला मिळतं, बरं वाटण्याचं कारण मला तरी तेच दिसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी बारा ते पाच पडदे ओढून सगळे घरात कोंडलेले असतात. त्या वेळी नजर लांब टाकायला काहीतरी असलं की फार सोसवतं.

मात्र समुद्रच हवा असा हट्ट धरू नका. आपण खान्देशी माणसं समुद्र बघतो ते सहलीला: गणपतीपुळे, अलिबाग, नाहीतर सुरतेकडे गेलो तर डुमस. बाजारात मिळणारी चित्रं असतात फिरोजी पाण्याची आणि झुकलेल्या नारळाची. ती देखणी असतात, पण आईंना त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं. माझ्याकडे शहादा भागातले एक काका आले होते, त्यांच्या आईला अर्धांगवायू झालेला. मोठ्ठं बीचचं पोस्टर हवं होतं. बोलता बोलता कळलं की माउलीचं माहेर तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळचं. मग त्यांनीच काढलेला प्रकाशाच्या घाटाचा, पहाटेच्या तापीचा फोटो आम्ही मोठा केला. महिन्याभराने काका दुसरी फ्रेम घ्यायला आले, तेव्हा आईचे शब्द सांगितले: ‘पानी देखीसन जीवले बरं वाटस.’ ती रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या पायऱ्या दाखवायची, कोणत्या पायरीवर बायका कपडे धुवायच्या ते सांगायची. आणि हीच तापी 724 किलोमीटर वाहत जाऊन सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते, तेव्हा तापीचं चित्र लावलं तरी वाट समुद्राकडेच जाते. तुमच्या आई कुठल्या? मुक्ताईनगरकडच्या असतील तर चांगदेवचा तापी-पूर्णा संगम बघा. सातपुड्यातल्या असतील तर तोरणमाळचा यशवंत तलाव.

समुद्रच आवडत असेल, तर घरच्या सहलीचे फोटो चाळा. बहुतेक फोटोंत समुद्रापेक्षा नातेवाईकच जास्त दिसतात. कोणीतरी सहज काढलेला, एकही माणूस नसलेला एखादा फोटो हमखास सापडतो, तोच हवा. मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो, म्हणजे इंचाला 200 ठिपके धरले तर 20 बाय 15 इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि पाण्याचे चौकोन दिसायला लागतात.

वयस्कर डोळ्यांचाही विचार करा. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या छटा मळकट दिसतात. तरुण मुलाला सुंदर वाटणारा फिकट निळा धुक्याचा समुद्र आईंना नुसता करडा कागद वाटू शकतो. उजेड आणि सावली ठळक असलेलं चित्र घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर गोष्ट वेगळी. मग निळा चांगला दिसतो.

लावायची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आर्ट गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 इंचांवर धरतात, कारण तिथे माणूस उभा असतो. आई पडून आहेत. तुम्ही स्वतः त्यांच्या पलंगावर, त्यांच्याच उशीवर डोकं ठेवून आडवे व्हा आणि कोणाला तरी समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्र धरायला सांगा. मान न ताणता जिथे दिसेल तिथे पेन्सिलची खूण करा. खूण तुमच्या अंदाजापेक्षा चांगलीच खाली येईल. भिंतीला ड्रिल करून गिट्टी (स्क्रू घट्ट बसवणारा प्लग) ठोका आणि स्क्रूवर टांगा. नुसत्या खिळ्यावर जड फ्रेम नको, तीही आजारी माणसाच्या खोलीत.

चित्र खिडकीसमोर येत असेल तर साधी काच घेऊ नका. काचेत खिडकीचं ग्रिल आणि ट्यूबलाइट दिसत राहील, समुद्र दिसणारच नाही. मॅट फिनिशची कॅनव्हास प्रिंट घ्या, काचच नको. कॅनव्हास कूलरच्या थेट झोतात मात्र लावू नका, दमट हवेने सैल पडतो. कागदी प्रिंटला तर लाटा येतात आणि पावसाळ्यात बुरशीचे ठिपके धरतात. पश्चिमेचं ऊन थेट पडत असेल तर तीही भिंत टाळा, रंग उडतो.

वास्तूचा प्रश्न येणारच. पाणी उत्तरेला किंवा ईशान्येला असावं, बेडरूममध्ये नसावं, असं सांगतात. मी त्यावर वाद घालत नाही. आईंची त्यावर श्रद्धा असेल आणि समोरचं पाणी बघून त्यांच्या मनात रोज शंका येणार असेल, तर ज्या कारणासाठी चित्र लावतोय तेच गेलं. मग झाडांचं घ्या, डोंगराचं घ्या, केळीच्या बागेतल्या सकाळचं घ्या.

घराबाहेर न पडता निसर्गाशी नातं ठेवता येतं का, असा प्रश्न पडला तर कधी चाळीसगावला उतरा. छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांचं घर स्टेशनजवळच आहे, आता तिथे संग्रहालय आहे. 1989 साली ते गेले. त्याआधीची कित्येक दशकं ते घराबाहेर क्वचितच पडले, आणि टेबलावर देखावे मांडून त्यांचे असे फोटो काढले की बघणारा थबकतो. जळगावहून रेल्वेने सोपं पडतं. आई चालायला लागल्या की त्यांनाही घेऊन जा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आई जेवत नसतील, रात्र रात्र झोप नसेल, सारखं रडू येत असेल, तर चित्रावर विसंबू नका, डॉक्टरांशी बोला. ऑपरेशननंतर असं होऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

आणि लगेच हजारो रुपये घालू नका. चार-पाच वेगवेगळे फोटो निवडा, कलर झेरॉक्सवाल्याकडून ए-फोर कागदावर काढून घ्या, आणि एकेक दोन-दोन दिवस त्या पेन्सिलच्या खुणेवर टेपने चिकटवा. आवडलं का, असं विचारू नका. आई तुमचं मन राखायला हो म्हणतील. ज्या कागदाकडे बघून त्या आपणहून काही बोलायला लागतील, तो घेऊन फ्रेमवाल्याकडे जा.