‘मोल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: जॉन ल कारे यांच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४) या कादंबरीतला उतारा मराठीत करताना ‘मोल’ (mole) या इंग्रजी शब्दापाशी गाडी अडली आहे. इंग्रजीत तो अंगावरचा तीळही आणि जमिनीखाली राहणारा एक प्राणीही; इथे अर्थ आहे शत्रूचा, पण आपल्याच हेरखात्यात दडून बसलेला माणूस. ‘तीळ’, ‘चिचुंदरी’ की सरळ ‘फितूर’?

तीळ अंगावरचा, तो बादच. चिचुंदरी भिंतीच्या कडेकडेनं पळते, तिच्या वासानं ती कळते. ‘मोल’ हा प्राणी मात्र जमिनीखाली बोगदे काढत राहतो आणि वर दिसतात फक्त मातीचे उंचवटे. सारं मर्म इथेच आहे. कादंबरीचा नायक जॉर्ज स्मायली जुन्या फायली चाळत असे उंचवटेच तर शोधतो: फसलेली मोहीम, नाहक दूर केलेली माणसं.

‘फितूर’ मला पटत नाही. फितूर आधी आपला असतो, मग उलटतो. कोर्टात साक्षीदार फितूर होतो तो असाच. इथे क्रम उलटा आहे. माणूस तरुणपणीच शत्रूचा झालेला असतो, हेरखात्यात शिरतो तो त्यानंतर, आणि वर्षानुवर्षं बढत्या घेत वर चढतो. कौटिल्याचा ‘उभयवेतन’ हा दोन्हीकडून पगार घेणारा हेर. अर्थशास्त्रात त्याची बायकामुलं ताब्यात ठेवायला सांगितलं आहे, कारण त्याचा भरवसा नाही. उत्तम शब्द, पण तो ‘डबल एजंट’साठी राखून ठेवावा. ‘मोल’ची निष्ठा एकाच बाजूला असते. ‘अस्तनीतला निखारा’ अर्थानं फार जवळ येतो, पण खात्यातली माणसं आपसात बोलताना एवढं लांबलचक बोलणार नाहीत.

माझं मत ‘घूस’ला. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांना घुशीची ओळख करून द्यावी लागत नाही. ती जोत्याखालून पोखरते, सकाळी बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग दिसतो, ती दिसत नाही. ‘पोखरणे’ हे क्रियापद तर आपण संस्थांसाठी रोज वापरतो. ‘सर्कसला घूस लागली आहे’ (सर्कस म्हणजे कादंबरीतलं ब्रिटिश हेरखातं) हे वाक्य मराठी कानाला लगेच कळतं.

शब्द परका वाटेल ही भीती नको. फ्रान्सिस बेकन यांनी १६२२ मध्ये सातव्या हेन्रीच्या चरित्रात अशाच अर्थानं ‘मोल’ वापरला होता, पण तो सर्वांच्या तोंडी बसला तो या कादंबरीमुळे. खुद्द कादंबरीतही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला आहे. मराठीतही एकदा सांगितला की झालं.

हिंदीतल्या ‘घूस’मुळे लाच आठवू नये म्हणून पहिल्या उल्लेखात ‘आतून पोखरणारी घूस’ असं लिहा. शब्द स्त्रीलिंगी आहे याचा फायदाच होतो: ‘घूस कुठवर पोचली असेल, तिला कोण पोसतं’ असं लिहिताना संशयितांपैकी कुणाकडेच बोट जात नाही, आणि नाव शेवटपर्यंत झाकलेलं राहतं.