मामाजींची काबरी आणि तीन वर्षांची इंजेक्शने

घरात मांजर आहे, तिच्यामुळे घरातल्या एकाला दम लागतो आणि तरीही तिला सोडवत नाही. मग ॲलर्जीची इंजेक्शने घेतली तर भागेल का, हा प्रश्न माझ्यासमोर वर्षातून अनेकदा येतो. वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या रुग्णालयात दम्याच्या रुग्णांशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी बोलणे हे माझे काम आहे. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एका सुनेची हकिगत मी तिच्या संमतीने येथे सांगते. तिचे नाव आणि ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत. येथे तिला वैशाली म्हणू.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात ती एकटीच आली होती. लग्नाला दीड वर्ष झालेले, घरी नवरा, सासरे (तिचे मामाजी) आणि सासऱ्यांची मांजर. सासूबाई लग्नाच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या आणि त्यानंतर कोठ्यात, म्हणजे गोठ्यात जन्मलेले एक काबरे पिल्लू सासऱ्यांच्या मागे मागे फिरू लागले होते. ती काबरी आता त्यांच्या पायथ्याशी झोपत असे आणि सपरीत ते बसले की त्यांच्या मांडीवरच्या दुपट्ट्यावर येऊन बसत असे. वैशालीला लग्नानंतर दोन-तीन महिन्यांतच शिंका, डोळ्यांची खाज आणि नंतर पहाटेची धाप सुरू झाली. गावातील एका शेजारणीने मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो असे सांगितल्यापासून ती जेवणाचे ताट उजेडात धरून पाहत असे. "मॅडम, मले ॲलर्जीचं इंजेक्शन देऊन द्या," ती म्हणाली, "पण मांजर काढा असं कोणी मामाजीले म्हणू नका. आत्याबाई गेल्यापासून त्यायले तिचाच आधार हाये."

या दोन वाक्यांत तिची सगळी अडचण होती. तिला उपचार हवा होता, परंतु त्याहीपेक्षा एक बोलणे टाळायचे होते, आणि ते टाळता यावे म्हणून ती सुई टोचून घ्यायला तयार झाली होती. मी त्या दिवशी तिला इंजेक्शनाविषयी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक होते. आपल्याकडे 'ॲलर्जीचे इंजेक्शन' म्हणजे अंगावर पित्त उठले किंवा धाप लागली की दवाखान्यात मिळणारे, तासाभरात आराम देणारे इंजेक्शन, असेच बहुतेकांना वाटते. वैशालीलाही एक-दोन सुयांत काम होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात येथे ज्याची चर्चा आहे तो उपचार अगदी वेगळा आहे. ज्या पदार्थाने त्रास होतो त्याचाच अर्क अतिशय सूक्ष्म मात्रेपासून सुरू करून, मात्रा हळूहळू वाढवत शरीराला त्याची सवय लावायची, हे त्याचे तत्त्व. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांवर हा प्रयोग करून १९११ साली प्रसिद्ध केला, म्हणजे ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. ती झटपट मात्र नाही: सुरुवातीचे काही महिने साधारण दर आठवड्याला एक इंजेक्शन, आणि पूर्ण मात्रेवर पोहोचल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी एक, असे तीन ते पाच वर्षे चालते. "तीन वर्षं?" तिने विचारले आणि ती बराच वेळ गप्प बसली.

मी तिला दोन आठवड्यांची एक वही ठेवायला सांगितली. कधी शिंका आल्या, कधी छाती दाटली आणि त्या वेळी हातात कोणते काम होते, एवढेच लिहायचे. पुढच्या भेटीत ती वही उघडली तेव्हा आम्ही दोघीही चकित झालो. मांजर जवळून गेल्याच्या फार थोड्या नोंदी होत्या. जवळजवळ रोज एकच नोंद होती, 'सकाळी अंथरुणं काढताना'. सासऱ्यांची गोधडी आणि दुपट्टा ती रोज अंगणाच्या दाराशी उभी राहून झटकत असे, घडी करून छातीशी धरून आत आणत असे आणि त्याच गादी-गोधड्यांच्या ढिगाशेजारी रात्री स्वतः झोपत असे. घरातल्या एका खोलीत भाव वाढण्याची वाट पाहत कापूस भरलेला होता आणि दुसरीत सोयाबीनचे कट्टे होते, ही धूळ वेगळीच.

येथे मांजराच्या ॲलर्जीची थोडी माहिती देणे भाग आहे, कारण केस पोटात जाण्याच्या समजुतीने अनेक घरांत नको तिथे काळजी घेतली जाते. त्रास केसाचा नसतो आणि पोटातून तर मुळीच होत नाही. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील ग्रंथींत एक प्रथिन असते. त्याला फेल डी १ असे नाव आहे. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे व त्वचेचे अतिसूक्ष्म कण कपड्यांना, गादीला, भिंतीला चिकटतात. हे कण इतके हलके असतात की झटकल्यावर तासन्‌तास हवेत तरंगत राहू शकतात. म्हणूनच वैशालीला सासऱ्यांच्या मांडीवरची मांजर जेवढी बाधत नव्हती तेवढा त्यांचा दुपट्टा बाधत होता. म्हणूनच, मांजर आज दुसऱ्या गावी सोडून आले तरी घरातले कण पुरेसे कमी व्हायला काही महिने लागतात, आणि ज्या घरांत मांजर घालवून महिन्याभरात 'काही फरक नाही' म्हणून निराशा येते तिथे बहुधा हेच झालेले असते.

नागपूरला एका ॲलर्जी तज्ज्ञांकडे तिची त्वचेवरची चाचणी झाली. त्यासाठी आठवडाभर आधीपासून शिंकांच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागल्या. कोपराखालच्या आतल्या बाजूला पेनने खुणा करून प्रत्येक खुणेशी एकेका अर्काचा थेंब ठेवला गेला आणि त्यातून अलगद टोचले. पंधरा-वीस मिनिटांनी मांजराच्या खुणेवर हरभऱ्याच्या डाळीएवढी गांधी उठली होती, घरातील धुळीत राहणाऱ्या बारीक किड्यांच्या खुणेवर तुरीच्या डाळीएवढी, आणि ज्या गाजर गवताला तिचा नवरा दोष देत होता त्याची खूण कोरीच होती. निव्वळ गांधी उठली म्हणजे ॲलर्जीचा आजार सिद्ध झाला असे नसते. ती लक्षणांशी जुळावी लागते. वैशालीच्या बाबतीत वही आणि हात दोन्ही एकच सांगत होते, आणि हेही सांगत होते की अपराधी एकटी काबरी नव्हती.

तज्ज्ञांनी इंजेक्शनाला नकार दिला नाही, पण 'आत्ता नाही' असे स्पष्ट सांगितले. दमा आटोक्यात नसताना ही इंजेक्शने दिली तर तीव्र प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो, त्यामुळे आधी दमा शांत करायचा. त्यासाठी रोजचा पंप आणि नाकातला फवारा सुरू झाला. पंपाविषयी तिच्या मनात जी धास्ती होती ती जवळजवळ प्रत्येक घरात असते, की एकदा पंप लागला म्हणजे जन्माचा लागला. मी तिला पंप आणि गोळी यांतला फरक हातावर दाखवून समजावला: पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते आणि थेट श्वासनलिकेत जाते. औषधाची सवय लागत नाही. आजार राहतो म्हणून औषध राहते. पंप घेतल्यावर चूळ भरायची, एवढी एक शिस्त मात्र पाळावी लागते.

आता उरले होते ते बोलणे. मी वैशालीला म्हटले, की तुम्ही तीन वर्षे इंजेक्शनांसाठी तालुक्याला येणार, तर घरात कारण विचारले जाणारच. मग ते आज तुमच्या तोंडून का जाऊ नये? ती स्वतः बोलायला तयार नव्हती, माझ्यासमोर बोलायला तयार झाली. जानेवारीत तिघेही आले. सासरे पांढऱ्या धोतरात, खांद्यावर तोच दुपट्टा. वैशालीने खाली पाहत वही त्यांच्यापुढे सरकवली आणि मुलाने ती वाचून दाखवली. 'सकाळी, मामाजींची गोधडी' हे शब्द पाच-सहा वेळा आले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी केली आणि खुर्चीच्या मागे, तिच्यापासून दूर ठेवला. मग म्हणाले, "काहून नाही सांगतलं माय मले? मी का मांजरासाठी तुले मारतो?" तिला रडू आले. मी काही वेळ काहीच बोलले नाही, कारण दीड वर्ष अडलेले बोलणे आता त्यांचे ते करत होते.

ते मांजर त्याच दिवशी सोडून यायला निघाले होते. मी त्यांना थांबवले, आणि या सल्ल्याविषयी काही सहकाऱ्यांचे मत वेगळे असेल याची मला जाणीव आहे. वैद्यकदृष्ट्या प्राणी घराबाहेर जाणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही, आणि ज्या रुग्णाचा दमा औषधांनी आटोक्यात येत नाही किंवा ज्याला दवाखान्यात भरती व्हावे लागले आहे तिथे मी एवढी सवड देत नाही. परंतु वैशालीचा दमा मध्यम होता आणि पंप सुरू झाला होता. शिवाय कट्ट्यांच्या घरातून मांजर गेली की उंदीर येतात. उंदरांच्या मुतातील प्रथिनेही दमा चाळवतात, आणि मग लोक धान्याच्या खोलीत विष ठेवतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सासऱ्यांनी काबरी एका रागाच्या किंवा पश्चात्तापाच्या भरात टाकली असती तर त्या घरात पुढची कित्येक वर्षे 'सुनेमुळे' हा शब्द राहिला असता.

ठरले ते असे. काबरीची जागा कोठ्यात आणि धान्याच्या खोलीत; राहत्या खोल्यांत ती येणार नाही आणि वैशालीच्या झोपायच्या खोलीचे दार दिवसाही बंद राहील. गोधड्या झटकण्याचे काम नवऱ्याचे, तेही अंगणाच्या टोकाला; सासऱ्यांची अंथरुणे आठवड्याला गरम पाण्यात धुवायची. सासरे काबरीला घेऊन बसतील, पण त्यासाठी वेगळा दुपट्टा राहील, तो कोठ्यातल्या खुंटीलाच असेल आणि घरात येण्यापूर्वी ते हात-तोंड धुतील. मांजराला अंघोळ घालायची का, असे मुलाने विचारले. तिचा परिणाम काही दिवसच टिकतो, म्हणून तो खटाटोप आम्ही सोडला. उन्हाळ्यात आपल्या विदर्भाचे ऊन कामी आले: गाद्या एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापवल्या, बडवल्या, आणि बडवताना वैशाली शेजारच्या घरी जाऊन बसली. जूनमध्ये तिला पहाटे जाग येणे थांबले होते.

तेव्हा इंजेक्शनाचा विषय तिने पुन्हा काढला. आता ती बोलणे टाळण्यासाठी मागत नव्हती. दमा आटोक्यात होता, पण नाक आणि डोळे अजून त्रास देत होते आणि तिला पंप कमी करण्याची इच्छा होती. पूर्ण सुटका प्रत्येकाला मिळतेच असे नाही, आणि पूर्ण मात्रेवर वर्षभर राहूनही फरक पडला नाही तर पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो, हे तज्ज्ञांनी तिला सांगितले होते. एक विषय मी पती-पत्नीला वेगळे बसवून काढला, तो मूल होण्याचा. गरोदरपणात ही इंजेक्शने नव्याने सुरू करत नाहीत. पूर्ण मात्रेवर व्यवस्थित चाललेली असतील तर बहुधा चालू ठेवता येतात. नातेवाईक आतापासूनच विचारू लागले होते. वैशालीने मुलासाठी वर्षभर थांबायचे ठरवले, नवऱ्याने ते मान्य केले, आणि लोकांना काय सांगायचे तेही दोघांनी तिथेच ठरवून टाकले. पंप मात्र गरोदरपणातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचा नाही, हे मी तिला दोनदा बजावले.

मग आम्ही कॅलेंडर पुढे ठेवले. पेरणीच्या दिवसांत सुरू करायचे नाही, म्हणून ऑगस्टपासून, दर बुधवारी. औषधाच्या कुप्या दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात आणि गावात वीज तासन्‌तास जाते, त्यामुळे त्या आमच्या रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये राहतील. गावातल्या कंपाउंडरकडून टोचून घेतले तर बुधवारची चक्कर वाचेल, असे नवऱ्याने सुचवले. त्याला मी ठाम नकार दिला. क्वचित का होईना, सर्वांगाला पित्त, घसा आवळणे, रक्तदाब उतरणे अशी प्रतिक्रिया येऊ शकते, आणि तिथे डॉक्टर व ॲड्रिनॅलिन (अशा वेळी जीव वाचवणारे औषध) हाताशी हवे. इंजेक्शनानंतरची तीस मिनिटे दवाखान्यातच बसायचे, तेही याचसाठी. बुधवारी दुपारचे जेवण कोण करणार, हा प्रश्नही त्या कॅलेंडरवर लिहिला. सासऱ्यांनी "मी भाकर टाकतो" म्हटले आणि सुरुवातीला त्या भाकरी जाड होत असत, असे वैशालीने मला नंतर सांगितले.

कापूस वेचणीच्या गर्दीत एक बुधवार चुकला. खंड पडला की काही वेळा मात्रा मागे न्यावी लागते, म्हणून डॉक्टरांनी हिशेब पाहून पुढची मात्रा ठरवली. बाराव्या इंजेक्शनाच्या दिवशी मी मुद्दाम बाहेरच्या बाकाशी गेले. नर्सने आधी फुंकायच्या यंत्रात तिच्याकडून तीनदा फुंकून घेतले, आकडा वहीत लिहिला, मग दंडात इंजेक्शन दिले. वैशाली घड्याळाखाली बसली, तिच्या शेजारी सासरे, खांदा रिकामा. अर्ध्या तासाने नर्सने दंडावरची सूज पाहिली. रुपयाच्या नाण्याहून लहान होती. सासऱ्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "चाल माय, चारची गाडी भेटते."