गाडीवर ओरखडे मारले, काच फोडली, इन्शुरन्सवाले अर्धाच क्लेम देतायत, काय करू?
अहो, आधी पॉलिसी बघा, नुसती थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची) असेल तर यात काहीच मिळत नाही, ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) असेल तर कुणी मुद्दाम केलेली तोडफोड कव्हर होते. सर्व्हेयरने (नुकसान तपासणाऱ्याने) "ओरखडे जुने आहेत" म्हणून पैसे कापले असतील, तर त्याच्या रिपोर्टची कॉपी लेखी मागा, आणि गाडीचे आधीचे फोटो, सीसीटीव्ही, पोलिसातली तक्रार सगळं जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाका. झिरो डेप (घसारा, म्हणजे पार्ट जुना झाल्याचे पैसे, न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लॅस्टिक-रबरवर 50 टक्के कापतातच, पण काचेवर घसारा लागत नाही, तिथे कापलं असेल तर अजिबात सोडू नका! महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा, मुंबई-पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील नाही, फक्त त्यानंतर 1 वर्षाच्या आत जा.