स्किबरीनला थांबावं की पुढे निघावं?

आयर्लंडमध्ये कॉर्क शहरातून मिझेन हेड या समुद्रकाठच्या टोकाला जाताना वाटेत स्किबरीन या गावी थांबण्यासारखं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. थांबाच. ‘एक चौक आणि चार पब, बाकी काय आहे?’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. माझे दाजी गाडीत नेमकं हेच बोलले होते.

दाजी साताऱ्याहून आले होते. आमचं माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळ पाचवीलाच पुजलेला. मी त्यांना गावाबाहेर, आयलन नदीकाठच्या ॲबीस्ट्रूरी दफनभूमीत नेलं. हिरवळीचा मोकळा तुकडा, आणि त्याखाली १८४५ नंतरच्या उपासमारीत गेलेली आठ ते दहा हजार माणसं. शवपेट्या पुरेनात म्हणून तळाला झडप असलेली एकच पेटी पुन्हा पुन्हा वापरत. दाजी म्हणाले, “बटाट्यावर रोग पडला, त्याला सरकार काय करणार?”

तिथेच आमची जुंपली. रोग बेल्जियम-हॉलंडातही पडला होता, पण दहा लाख माणसं मेली ती आयर्लंडातच. गरिबाच्या ताटात बटाट्याशिवाय काही उरलंच नव्हतं. जमीन जमीनदाराची, पिकलेलं धान्य, लोणी, गुरं खंडापायी विकावी लागत आणि माल जहाजांनी इंग्लंडला जातच राहिला. उपाशी माणसांना अपुऱ्या मजुरीवर रस्ते बांधायला लावलं. तीसेक वर्षांनी, १८७७ मध्ये, आपल्याकडच्या दुष्काळी कामांवर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. तेव्हाही ‘सरकार काय करणार’ असंच म्हणायचं का? दाजी अजून तसंच म्हणतात.

बाकी, आयलन नदी इथल्याच बाल्टिमोर गावाजवळ समुद्राला मिळते, भरतीचं पाणी थेट गावापर्यंत चढतं. पुराचा त्रास त्यातूनच. याच नदीवर वल्हवायला शिकलेल्या पॉल ओडोनोव्हन आणि फिंटन मॅकार्थी यांनी टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. गावाला त्याचा केवढा अभिमान आहे! जवळच लॉक हाइन हे खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, १९८१ पासून संरक्षित. तेही चुकवू नका.

जुन्या गॅस कारखान्याच्या इमारतीत वारसा केंद्र आहे. त्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आधी बघून घ्या. सोबत कुणी ‘निसर्गाचा कोप’वाले असतील, तर त्यांना तिथलं सगळं नीट वाचायला लावा. मिझेन हेडला उशीर झाला तरी चालेल.