टायर आतून झिजतोय, रिपोर्ट मात्र हिरवा

या वेळच्या पत्रांत टायरचीच पत्रं जास्त आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलते. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण तीच तक्रार थोड्याफार फरकाने आणखी चौघांनी कळवली आहे.

प्रश्न : माझ्या हॅचबॅकचे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला पार गोटा झालेत. बाहेरच्या अर्ध्या भागात नक्षी चांगली शिल्लक आहे. टायर 22,000 किलोमीटर चाललेत. वर्षभरात तीनदा अलाइनमेंट केली, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवून घेतले; तिन्ही वेळा रिपोर्टवरचे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. आता नवे टायर घ्यायचे आहेत, पण तेही असेच जातील अशी धास्ती वाटते.

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. कारण न शोधता नवे टायर घातलेत तर तेही त्याच वाटेने जातील. मात्र आधी एक बघा. गाडी उभी करून स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे टायरची आतली कड समोर येईल. तिथे रबराखालच्या तारा किंवा जाळी दिसत असेल तर ते टायर आजच काढा, स्टेपनी लावा, पण त्या टायरवर गाडी चालवू नका. आतली कड सहसा कुणी बघत नाही, आणि टायर फुटतो तो बहुतेक तिथूनच.

तारा दिसत नसतील तर टायरवरून तळहात आडवा फिरवा. एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. आतून बाहेर नेताना हात गुळगुळीत सरकतो आणि बाहेरून आत नेताना नक्षीच्या कडा करवतीसारख्या टोचतात, असं असेल तर चाकांची तोंडं पुढच्या बाजूला बाहेर वळली आहेत. याला टो-आउट म्हणतात. पायांचे अंगठे बाहेर फाकवून चालून बघा, पाऊल जमिनीवर कसं घासतं ते लगेच कळेल. टायरचंही तेच होतं. आतली कड झिजलीय, पण हात दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत सरकतोय, तर दोष कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाचा असण्याची शक्यता जास्त.

तुमचे दोन्ही टायर सारखेच झिजलेत, म्हणून माझा संशय टोवर, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्यावर आहे. गाडी सरळ चालते तेव्हा टोमधली चूक दोन्ही पुढच्या चाकांत वाटली जाते. एकाच बाजूची टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) बिघडली तरी टायर दोन्ही खातात. कॅम्बरचा दोष मात्र ज्या चाकात असेल त्याच चाकाला भोवतो.

चूक किती लहान असते तेही सांगते. एका चाकाचा टो अर्धा अंश चुकला, तर 15 इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम 3 मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पण त्यामुळे टायर दर किलोमीटरला साधारण 9 मीटर आडवा फरफटतो. 10,000 किलोमीटरला हिशोब केला तर 87 किलोमीटर आडवी घासाघीस होते. कुठलंही रबर याला पुरत नाही.

आता तुमच्या तीन रिपोर्टांकडे येऊ. ते कागद टाकून दिले नसतील तर शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकावर काम करण्याआधीचे आणि केल्यानंतरचे असे दोन संच असतात. आपण नंतरचा हिरवा रंग बघतो आणि घरी येतो. तुम्ही आधीचे आकडे बघा. तिन्ही वेळा आधीचा टो लाल असेल, तर अलाइनमेंट टिकत नाहीये. कुठला तरी भाग ढिला आहे आणि दर वेळी सरकतोय. आधीचा आकडाही हिरवाच असेल, तर गाडी उभी असताना ठीक आणि चालताना बिघडते. मशीन गाडी उभी करून मोजतं. ब्रेक मारल्यावर, वळणावर, खड्ड्यात चाक कुठे जातं ते त्याला दिसत नाही.

हे मी एका गाडीवर शिकले. पांढरी सेडान होती. दोनदा मी स्वतः अलाइनमेंट केली, दोन्ही वेळा आकडे अचूक बसले, आणि चार महिन्यांनी गाडी तीच तक्रार घेऊन पुन्हा आली. तिसऱ्या वेळी आमचे वस्ताद म्हणाले, मशीनला हात लावू नकोस. इंजिन चालू करून एकाला आत बसवलं. ब्रेक धरून त्याला गाडी हळूच पुढे आणि हळूच मागे ओढायला लावली, आणि मी बाजूला गुडघ्यांवर बसून चाक बघत होते. डावं चाक मडगार्डच्या पोकळीत बोटभर पुढेमागे सरकत होतं. उजवं जागच्या जागी. मग गाडी रॅम्पवर घेतली आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशापाशी, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरी तुकड्यापाशी, पहार लावली. वरून रबर धड दिसत होतं. पहार दाबली तशी त्याला आतून तोंड फुटलं, मधली लोखंडी नळी रबरापासून सुटी झालेली. गाडी उभी असली की नळी आपल्या जागी, म्हणून आकडे हिरवे. ब्रेक मारला की आर्म सरकायचा, चाकाची दिशा बदलायची आणि टायर घासायचा. बुश बदलला, मग अलाइनमेंट केली, आणि त्यानंतर टायरांची झीज एकसारखी होऊ लागली. ग्राहकाचे दोन टायर मात्र माझ्यामुळे वाया गेले, याची बोच अजून आहे. म्हणूनच हे इतकं लांबण लावून लिहिते आहे.

तर गाडी नेल्यावर ‘अलाइनमेंट करा’ असं म्हणू नका. ‘आधी खालचे सगळे भाग तपासा, मग अलाइनमेंट’ असं म्हणा, आणि तपासताना स्वतः जवळ उभे राहा. जॅकवर चाक उचलल्यावर मेकॅनिक ते घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवतो. तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर दोष टाय रॉड एंडचा (टाय रॉडच्या चाकाकडच्या टोकाचा) किंवा स्टीअरिंगच्या रॅकचा. बारा आणि सहाच्या जागी प्ले लागला तर चाकाच्या बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्याचा). बुशांना पहार लावलीच पाहिजे, नुसतं बघून भागत नाही. स्प्रिंगा बसल्या असतील तर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, म्हणून दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंचीही टेपने मोजून घ्या. हे सगळं निस्तरलं की चारही टायरांत हवा नेमकी करून मगच गाडी मशीनवर चढवायची.

प्रश्न : गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट बरोबर आहे असं सांगतात. मग ओढते का?

उत्तर : आधी पुढच्या दोन्ही टायरांची हवा मोजा, डावीकडे कमी असेल तर उत्तर मिळालं. हवा सारखी असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका). आता गाडी उजवीकडे ओढायला लागली किंवा ओढणंच थांबलं, तर दोष टायरच्या बांधणीत आहे. टायर आतून किंचित शंकूसारखा झाला की असं होतं आणि मशीनवर काहीच दिसत नाही. बदल काहीच नसेल, तर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमांजवळ हात न्या, टेकवू नका. डावी जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. हे मात्र लांबवू नका. आणि हो, रस्ता कडेला उतरता असेल तर प्रत्येक गाडी थोडी तिकडे झुकतेच. पारख करायची ती सपाट रस्त्यावर.

प्रश्न : मागून घूं-घूं आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो. बेअरिंग बदललं, आवाज तसाच.

उत्तर : मागच्या टायरवर हात घेराच्या दिशेने फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच आणि दुसरी बसकी लागली तर आवाज टायरचाच आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत मागच्या चाकांवर भार कमी असतो. टायर वर्षानुवर्षं मागेच राहिले, त्यात मागचा टो थोडा चुकलेला असला किंवा हवा कमी राहिली, की झीज अशी पायऱ्यांची होते. खात्रीसाठी मागचे टायर पुढे घालून बघा. आवाज पुढे आला की शंका मिटली. बेअरिंगचा आवाज बहुधा वळताना बदलतो, टायरचा फारसा बदलत नाही. थोडी झीज असेल तर पुढे काही हजार किलोमीटर चालून ती बरीच निघून जाते. यापुढे दर 8 ते 10 हजार किलोमीटरला टायर फिरवून घ्या. तुमच्या गाडीत पुढचे सरळ मागे जातात आणि मागचे तिरपे पुढे येतात. ठोकळ्यांऐवजी घेरावर जागोजागी वाटीसारखे खळगे लागले तर गोष्ट वेगळी; तेव्हा शॉकअप आणि बॅलन्सिंग तपासा.

प्रश्न : टायर मधोमध झिजलाय, दोन्ही कडा चांगल्या आहेत. अलाइनमेंट करू का?

उत्तर : नको. हवा जास्त भरली जातेय. दोन्ही कडा झिजून मध्य चांगला राहिला असता तर कमी भरली जातेय असं म्हटलं असतं. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. हवा मोजायची ती थंड टायरवर, गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर.

प्रश्न : दोनच नवे टायर घ्यायचे आहेत. पुढे घालू ना?

उत्तर : मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ बघते आणि वेग कमी केला की सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं फार थोड्यांना जमतं. पुढे राहणारे जुने टायर मात्र झिजखुणेच्या वर हवेत. नक्षीच्या खाचेत ते छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला.

प्रश्न : टाय रॉड एंड बदलले. मेकॅनिकने जुन्या भागाचे आटे मोजून नवा तेवढाच फिरवला, म्हणून अलाइनमेंट लागणार नाही म्हणतो.

उत्तर : आटे मोजले ते चांगलंच केलं. त्यामुळे गाडी अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत नीट पोचेल. पण नव्या भागाची लांबी जुन्याशी मिलिमीटरपर्यंत जुळेलच असं नाही, आणि वर सांगितलेले 3 मिलिमीटर आठवा. त्याच दिवशी करून घ्या. करताना स्टीअरिंग मध्यावर कुलूपबंद करून दोन्ही बाजूंच्या टाय रॉड फिरवताहेत ना, तेवढं बघा. एकाच बाजूने आकडा जुळवला तर टायर वाचतील, पण सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं राहील.