डीएनएला बांधली जाणारी प्रथिने रोखली, तर कर्करोग थांबतो का?

सांगलीत बी.एस्सी. करणाऱ्या प्रश्नकर्तीच्या आत्याला मिरजेत स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन सुरू आहे. ते कशावर काम करते आणि डीएनएला चिकटणारी सगळीच प्रथिने अशी रोखता येतील का, असा तिचा प्रश्न आहे.

टॅमॉक्सिफेनचे लक्ष्य इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राहक प्रथिन (रिसेप्टर) हे आहे. इस्ट्रोजेन मिळाले की हे प्रथिन डीएनएवरील ठरावीक जागी बसून पेशींची वाढ करणारी जनुके चालू करते. इस्ट्रोजेनची जागा टॅमॉक्सिफेनने घेतली, तरी प्रथिन डीएनएवर बसतेच. परंतु त्याची घडण बदलल्यामुळे मदतनीस प्रथिने त्याला जोडली जात नाहीत आणि स्तनाच्या पेशीत ती जनुके चालू होत नाहीत. म्हणूनच आधी गाठीच्या तुकड्यात हे ग्राहक आहे का, ते तपासतात.

मात्र सगळीच प्रथिने रोखायची नसतात, हे आवर्जून सांगावेसे वाटते. पी५३ हे तर पेशीला कर्करोगापासून जपणारे रक्षक प्रथिन, आणि सुमारे निम्म्या कर्करोगांत तेच बिघडलेले असते. त्यातील २४८व्या स्थानावरचे आर्जिनिन हे अमिनो आम्ल डीएनएच्या खोबणीत शिरते. ते बदलले की पकड सुटते. तेथे औषधाने काम थांबवायचे नसून पुन्हा सुरू करायचे असते, आणि ते फार अवघड आहे.

जी रोखायची असतात, तीही सगळी सहज रोखता येत नाहीत. पेशींची वाढ घडवणाऱ्या मिक (MYC) प्रथिनात औषधाला बसायला नीटशी पोकळीच नाही. एचआयएफ-२ अल्फा या गाठ वाढवणाऱ्या प्रथिनात ती सापडली, म्हणून बेलझुटिफॅन हे औषध तयार झाले आणि २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते या प्रथिनाला जोडीदाराशी जुळू देत नाही, आणि जोडीशिवाय त्याला डीएनए पकडता येत नाही.