तिथे माझं दार कोण वाजवणार?

(हा पत्रव्यवहार डिसेंबर २०२१ मधला आहे.)

प्रश्न : माझी मुलगी अर्थशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए ८.९. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात एका सत्रासाठी एक्स्चेंज स्टुडंट म्हणून तिची निवड झाली आहे. सत्र फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू होतं. आता कोरोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचं निमित्त करून ती मागे हटते आहे. एकदा बाहेर पाऊल पडलं की पुढे मास्टर्स आणि नोकरी तिथेच होईल, हे आम्ही तिला समजावतो आहोत. वर्ग ऑनलाइन झाले तरी आमची हरकत नाही, परदेशी विद्यापीठाचं सर्टिफिकेट मिळाल्याशी मतलब. पण ती ‘तिथे मी आजारी पडले तर माझं दार कोण वाजवणार?’ असले बालिश प्रश्न विचारत बसते. तिला कसं तयार करावं?
– एक पालक

उत्तर : तुमचं पत्र तुमच्या मुलीच्या मेल आयडीवरून आलं आहे. म्हणजे एकतर तिचा पासवर्ड तुमच्याकडे आहे, नाहीतर तिला शेजारी बसवून तुम्ही ते लिहिलं आहे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला ओमायक्रॉनपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. पानभर ‘आम्ही’ आणि ‘आमची’ आहे. तिच्या तोंडचं वाक्य एकच, आणि तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं. खरं सांगू? अख्ख्या पत्रात जाणतं वाक्य तेवढंच आहे. तेव्हा आधी त्याबद्दल बोलू.

२०२० च्या हिवाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी अशीच एका सत्रासाठी युरोपात गेली. पोचल्या पोचल्या दहा दिवस विलगीकरण. वसतिगृहाची खोली, खिडकीतून दिसणारा सायकलींचा स्टँड आणि लॅपटॉप. जेवण दाराबाहेर ठेवलं जायचं. ठेवणारा दोनदा टकटक करून निघून जायचा, आणि ती दार उघडेपर्यंत जिन्यावर नुसती पावलं वाजत असायची. पाचव्या दिवशी तिने खुर्ची उचलून दाराशी नेली आणि लेक्चरं तिथे बसून ऐकायला लागली. का गं, विचारलं तर म्हणाली, ‘पटकन उघडलं तर माणसाची पाठ तरी दिसते.’ विलगीकरण संपलं तर सामायिक स्वयंपाकघरात एका वेळी एकानेच जायचं, असा नियम आला. सत्र पार पडलं, मार्कही चांगले पडले. स्क्रीनवर दिसणाऱ्या चाळीस नावांपैकी प्रत्यक्ष भेटलेली माणसं मात्र तीन.

गेल्याचा तिला पश्चात्ताप नाही, हेही सांगते. पण ती हट्टाने गेली होती, घरचे नको नको म्हणत असताना. पाचव्या दिवशी खुर्ची दाराशी न्यायला जी उभारी लागते, ती आपण होऊन गेलेल्या माणसाकडे असते. तुमची मुलगी ढकलल्यामुळे गेली, तर तेच दहा दिवस ती तुमच्यावरचा राग गिळत काढेल आणि फोनवर तुम्हाला ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सांगेल. तुम्ही समाधानाने फोन ठेवाल.

आता ‘एकदा बाहेर पाऊल पडलं की’ या समजाकडे येते, कारण तुमचा सगळा आग्रह त्याच्यावर उभा आहे. एक्स्चेंजला गेलेला विद्यार्थी कागदोपत्री आपल्या मूळ विद्यापीठाचाच असतो. फी बहुधा इथेच भरायची, पदवीही इथलीच. तिथलं विद्यापीठ देतं ते एका सत्राचं गुणपत्रक, साधारण ३० ईसीटीएस क्रेडिटचं (ईसीटीएस म्हणजे युरोपातली क्रेडिट मोजण्याची पद्धत), आणि तेही मूळ विद्यापीठाने मान्य केलं तरच कामाचं. राहण्याचा परवाना त्या सत्रापुरता असतो. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला नेदरलँड्स एक वर्षाचा परवाना देतं ते बरोबर, पण मुख्यतः तिथे पदवी पूर्ण केलेल्यांना. ब्रिटनने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेला, पदवीनंतर तिथे राहून नोकरी करू देणारा ग्रॅज्युएट रूट घ्या किंवा कॅनडाचं पदवीनंतरचं वर्क परमिट घ्या, एक्स्चेंजच्या सत्रावर यातलं काहीही मिळत नाही. मास्टर्सला तिथे जायचं तर तिला सगळ्यांसारखाच वेगळा अर्ज करावा लागेल, आणि आयईएलटीएस किंवा टोफेल, इंग्रजीची जी परीक्षा लागेल ती, तेव्हा बघता येईल. त्या अर्जात हे सत्र जमेची बाजू ठरेल, पण त्याने दार आपोआप उघडत नाही.

‘वर्ग ऑनलाइन झाले तरी हरकत नाही’ या तुमच्या वाक्यापाशी मी थबकले. मग पाठवताय कशाला? एक्स्चेंजमध्ये वर्गातलं शिक्षण हा त्यातल्या त्यात मामुली भाग असतो. सूक्ष्म अर्थशास्त्र सगळीकडे तेच शिकवतात. खरी कमाई वर्ग सुटल्यावरच्या अर्ध्या तासात असते : ग्रुप प्रोजेक्टवरून होणारी भांडणं, प्राध्यापकाला नावाने हाक मारायला लागल्यावर होणारी पंचाईत, मोडक्यातोडक्या भाषेत केलेली पहिली थट्टा. १९ डिसेंबर २०२१ पासून नेदरलँड्समध्ये कडक लॉकडाउन आहे, विद्यापीठांचे वर्ग निदान १४ जानेवारीपर्यंत ऑनलाइन आहेत आणि घरी दिवसाला दोनपेक्षा जास्त पाहुणे बोलवू नयेत अशी सूचना आहे. फेब्रुवारीपर्यंत हे निवळेलही. नाही निवळलं तर जे सत्र ती स्वतःच्या खोलीत बसून करू शकते, तेच परक्या खोलीत बसून करेल.

निवळेल की नाही यावर पैज लावू नका. या दोन वर्षांत नियम कसे फिरले ते पाहा. ६ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने जाहीर केलं, की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि १४ जुलैला तो निर्णय मागे घेतला गेला. ते आठ दिवस ज्यांनी काढले त्या मुलांना विचारा. जपानने आत्ता ८ नोव्हेंबर २०२१ ला विद्यार्थ्यांसाठी दार किलकिलं केलं आणि ओमायक्रॉन येताच ३० तारखेला पुन्हा लावून घेतलं. ऑस्ट्रेलिया १ डिसेंबरला उघडायचा होता, तो उघडला १५ ला. असल्या दिवसांत जाणाऱ्या माणसाला बेत मोडला तरी चालेल एवढी मोकळीक हवी. ज्याच्या जाण्यावर घरच्यांची स्वप्नं टांगलेली आहेत, त्याला ‘मी परत येते’ असं म्हणण्याची सोय राहत नाही.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारी सोडा आणि निवड सप्टेंबरच्या सत्रावर ढकलता येते का ते आत्ताच विचारा. महामारीत बऱ्याच विद्यापीठांनी ही सवलत दिली आहे, पण ती आपसूक मिळत नाही, मूळ विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला लेखी कळवावं लागतं. सप्टेंबरमध्ये ती चौथ्या वर्षाला, म्हणजे अजून मूळ विद्यापीठाचीच विद्यार्थिनी असेल. एक्स्चेंजला हे लागतंच. शेवटच्या सत्रावर ढकललं, तर गुणपत्रक यायला उशीर होऊन पदवी लटकते.

पण हा फक्त माझा सल्ला झाला. सगळं ऐकूनही तिला फेब्रुवारीतच जावंसं वाटलं, तर अडवू नका. मग मात्र दोन कागद तिने स्वतः नीट वाचावेत. पहिला लर्निंग अॅग्रीमेंट, म्हणजे तिथे कोणते कोर्स करायचे याचा करार. निवडलेला कोर्स रद्द झाला किंवा ऑनलाइन गेला, तर बदललेल्या यादीवर तिची आणि दोन्ही विद्यापीठांची सही पुन्हा लागते. ती राहिली, तर परत आल्यावर क्रेडिटसाठी खेटे घालावे लागतात. दुसरा विम्याचा. साथीच्या आजाराला कितीतरी पॉलिसींत सरळ वगळलेलं असतं, आणि सरकारने अनावश्यक प्रवास टाळा म्हटलं की काही पॉलिसी लागूच राहत नाहीत. हे बारीक अक्षरात असतं. एजंट ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ म्हणाला तर तेवढं वाक्य मेलवर मागून घ्या.

आणि तिचा तो प्रश्न. तो तिने तिथल्या एक्स्चेंज कोऑर्डिनेटरला जसाच्या तसा विचारावा : मी खोलीत विलगीकरणात असेन तेव्हा जेवण कोण आणून देईल, आणि दोन दिवस माझं कुणाला उत्तर गेलं नाही तर माझं दार कोण वाजवेल? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आणि फोन नंबर आला, तर तिला विचार करू द्या. वेबसाइटची नुसती लिंक आली, तर सप्टेंबर.

मेल तिने लिहायचा आहे, तिच्या भाषेत. तुम्ही सीसीमध्येही राहू नका. आणि आज रात्रीच तिला पासवर्ड बदलायला सांगा.